डावीकडची दोरी

बर्फ वितळायला लागला की कोईवुयार्वी गावाचे रस्ते फुगतात आणि मग खचतात. वरून खडी कोरडी दिसते, पण खाली सगळा चिखल हलत असतो. त्यात कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं चाक जातंच. मे उजाडला की गावातली माणसं एकेक करून ताइस्तो कार्पिनेनच्या अंगणात गाडी आणून लावायची आणि म्हणायची, "बघ रे, उजवीकडे ओढतेय."

ताइस्तोचा सगळा जन्म रस्ते सपाट करणारा ग्रेडर चालवण्यात गेला होता. जंगलातून जाणारी वाट कुठे अर्धा हात वाकली आहे हे त्याला बसल्या जागेवरून कळायचं. निवृत्त झाल्यावर त्याने गाड्यांची चाकं सरळ करायचा नाद धरला. त्याच्याकडे मशीन नव्हतं. चार लोखंडी स्टँड होते, मासेमारीची जाड दोरी होती आणि स्टीलची एक पट्टी. गाडीच्या दोन्ही अंगांना चाकांच्या उंचीवर दोरी ताणायची, दोरीपासून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर मोजायचं आणि स्टिअरिंगचे दांडे फिरवून चाकं रेषेत आणायची. पट्टीने मोजून झालं की तो गाडीमागे तिपाईवर बसायचा, एक डोळा मिटायचा आणि दोऱ्यांवरून नजर टाकायचा. त्याचं समाधान झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर जात नसे.

नोव्हेंबरात लाकडं फोडता फोडता तो खाली बसला आणि उठलाच नाही. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी अडकली होती. फेब्रुवारीत घरी आला तेव्हा डावा हात लुळा पडला होता, डावा पाय ओढत चालायचा, काठी लागायची. पण वाचा शाबूत होती, डोकं शाबूत होतं आणि जीभ तर पहिल्यापेक्षा धारदार झाली होती. शेजारचा उर्पो भेटायला आला आणि बाहेर पडताना ताइस्तोच्या बायकोला, हिल्काला म्हणाला, "थोडक्यात निभावलं म्हणायचं." हिल्का हो म्हणाली.

तिला जे ठाऊक होतं ते तिने उर्पोला सांगितलं नाही. ताइस्तो ताटातलं उजवीकडचं सगळं जेवायचा आणि डावीकडचे बटाटे तसेच ठेवून म्हणायचा, "आज कमीच वाढलंस." दाढी करायचा ती अर्ध्या चेहऱ्याची. दारातून जाताना डावा खांदा चौकटीवर आपटायचा आणि तो चौकटीला शिव्या द्यायचा. दवाखान्यातल्या थेरपिस्ट बाईंनी तिला एकदा बाजूला घेऊन समजावलं होतं. त्याचे डोळे चांगले आहेत, पण त्याच्या मेंदूच्या हिशेबी डावी बाजू नाहीच. आणि हे त्याला कळतही नाही. ते लपवू नका, दाखवत राहा, असं त्या म्हणाल्या होत्या.

हिल्काने ते केलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात तिने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं न बोलता जेवू घातली होती, तिला तीच रीत माहीत होती. तो अर्धं जेवला की बोलता बोलता त्याचं ताट फिरवायची. उरलेली दाढी खुर्चीत बसवून स्वतः करायची. सांगायचं, पण उद्या, असं म्हणत म्हणत हिवाळा सरला. जूनमध्ये तपासणीला जायचं होतं. डॉक्टर एकदा बघतील आणि मग गाडी चालवायला मोकळा, हे ताइस्तोने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

एप्रिलच्या अखेरीला हिल्का त्याला दवाखान्यातल्या व्यायामाहून परत आणताना गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि स्टिअरिंगचा दांडा वाकला. उर्पोने नवीन दांडा बसवून दिला, पण गाडी सरळ चालेना. स्टिअरिंग वाकडं धरावं लागायचं आणि टायर एका कडेने झिजायला लागला. हिल्काने शहरातल्या गॅरेजला फोन लावला तेव्हा ताइस्तो पलीकडच्या खोलीतून ऐकत होता.

"ठेव तो फोन," तो म्हणाला. "माझी गाडी दुसऱ्याच्या दारात सरळ व्हायला गेली तर मी गावात तोंड कुठे दाखवू? तू हात चालव, मी डोळे चालवतो."

कितीतरी महिन्यांत तो इतक्या उत्साहाने बोलला नव्हता. हिल्काने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वच्छ ऊन होतं. तळ्यावरचा शेवटचा बर्फ गेला होता आणि बर्चच्या झाडांना उंदराच्या कानाएवढी पानं फुटली होती. गाडी शेडमध्ये, तोंड आत करून उभी होती. ताइस्तो उघड्या दारात, गाडीच्या मागे तिपाईवर बसला, काठी मांडीवर आडवी ठेवून. हिल्काने त्याचा जुना डगला चढवला आणि बाह्या दुमडल्या.

तिने ते काम खिडकीतून शेकडो वेळा पाहिलं होतं, केलं एकदाही नव्हतं. ताइस्तो सांगत गेला आणि ती करत गेली. टायरमधली हवा सारखी केली. पुढच्या चाकांखाली प्लास्टिकच्या दुहेरी पिशव्या सरकवल्या, चाक फिरवताना अडू नये म्हणून. स्टँड मांडले. उजवीकडची दोरी बांधून झाल्यावर पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधोमधपासून ती सारखी लांब येईपर्यंत त्याने तिला तीनतीनदा उठवलं आणि बसवलं.

"गुडघे कुरकुरतायत तुझे," तो म्हणाला. "तेल घालायला हवं."

"तुझी जीभ कुरकुरत नाही एवढंच वाईट आहे," ती म्हणाली आणि दोघं हसले.

मग ती डाव्या अंगाला गेली. तिथली दोरी तिने बांधली, पण गाठ सैल पडली आणि दोरी सुटून जमिनीवर आली. हिल्का वाकली, दोरी गोळा करून हातात घेतली आणि गाठ नव्याने घालायला टोक शोधू लागली.

"झालं," मागून ताइस्तोचा आवाज आला. "दोन्ही एका रेषेत आहेत. आता स्टिअरिंग सरळ करून बांध."

तो थट्टा करतोय असं तिला वाटलं. तिने वळून पाहिलं. तो तिपाईवर हनुवटी उचलून बसला होता, एक डोळा मिटून, दरवर्षी बसायचा अगदी तसा. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. काम मनासारखं झालं की त्याच्या कपाळावरच्या आठ्या सुटायच्या, तशा त्या सुटल्या होत्या.

हिल्का हातात दोरी घेऊन उभी राहिली. ताटातल्या बटाट्यांची तिला सवय झाली होती, दाढीची झाली होती. पण हा तर त्याचा डोळा होता. गावाने ज्याच्यावर विश्वास ठेवला तो.

तिने दोरी बांधली. पट्टी लावून स्वतःच अंतर जुळवलं. दोनदा मोजलं. मग स्टिअरिंगची मधली दांडी लेव्हल लावून सरळ केली आणि सीटला पट्ट्याने बांधली. एकेका रिमची मापं ती मोठ्याने सांगत गेली आणि कुठला दांडा कुठल्या बाजूला किती फिरवायचा ते तो लगेच सांगत गेला. आकडे त्याच्या डोक्यात अजून चोख होते. दांडा जागी घट्ट धरणारे चेकनट सैल करताना तिची बोटं सोलली. दांडे फिरवून तिने मापं परत घेतली.

"चाकं पुढून किंचित आत यायला हवीत, अगदी मिलिमीटरभर. आली?"

"आली."

"मग चावी आण," ताइस्तो काठीवर जोर देऊन उठत म्हणाला. "तळ्यापर्यंत एक चक्कर मारून येतो. चालवून पाहिल्याशिवाय काम पुरं होत नाही."

"मी चालवते."

"तुला काय कळणार ती ओढते की नाही ते? चावी, हिल्का."

त्याने उजवा हात पुढे केला. रस्त्यावरून शाळेच्या पोरांच्या सायकली चालल्या होत्या, त्यांचा कलकलाट शेडमध्ये ऐकू येत होता. हिल्काने खिशातली चावी मुठीत धरली.

"नाही देणार," ती म्हणाली.

"कारण?"

"मघाशी तू दोन्ही दोऱ्या रेषेत आहेत म्हणालास ना, तेव्हा डावी दोरी बांधलेलीच नव्हती, ताइस्तो. माझ्या हातात होती."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला की ती थट्टा करतेय. नंतर म्हणाला की ती खोटं बोलतेय, तिला गाडीची चटक लागलीय, एवढी वर्षं बाजूला बसून कंटाळली होती आणि आता आयती संधी साधतेय. तो बराच वेळ बोलला. हिल्काने ते सगळं ऐकून घेतलं. बोलून दमल्यावर तो परत तिपाईवर बसला.

"ठीक आहे," तो म्हणाला. "मी डोळे मिटतो. तुला हवी ती दोरी सोड, नाहीतर ठेव, मला सांगू नकोस. मग किती आहेत ते मी बघून सांगतो."

"असं नको करूया."

"कर म्हणतो ना."

त्याने डोळे मिटले. हिल्काने डावी दोरी सोडून खाली ठेवली. त्याने डोळे उघडले, हनुवटी उचलली, नीट पाहिलं आणि म्हणाला, "दोन." पुन्हा डोळे मिटल्यावर तिने डावी दोरी बांधली. तो म्हणाला, "दोन." तिसऱ्या वेळी ती उजव्या अंगाला गेली. मग तिने उजवी दोरी सोडली आणि डावी तशीच ताणलेली राहू दिली.

ताइस्तोने या वेळी खूप वेळ पाहिलं. पुढे झुकून पाहिलं.

"एकही नाही," तो म्हणाला. "दोन्ही काढल्यास."

हिल्का त्याच्याजवळ गेली. तिने त्याला उठवलं, त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि त्याला गाडीच्या डाव्या अंगाला नेऊन तो हात दोरीवर ठेवला. ताणलेली दोरी त्याच्या बोटांखाली घुमली. तो दचकला. मग त्याने ती चिमटीत धरली आणि बोटं सरकवत सरकवत मागच्या स्टँडपासून पुढच्या स्टँडपर्यंत गेला, पाय ओढत, एका हाताने. शेवटच्या गाठीशी थांबला.

"किती दिवस?" त्याने विचारलं.

"पहिल्यापासून."

"आणि तुला माहीत होतं."

"हो. थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं. तुझं ताट मी फिरवत होते."

तो गाठीवरून अंगठा फिरवत राहिला. "आणि दाढी? रोज मला खुर्चीत बसवून गालावरून हात फिरवायचीस ती?"

"अर्धी राहायची."

"मला वाटलं," ताइस्तो म्हणाला, "म्हातारपणी बायकोला माझा लळा लागला."

लळाही होता, हिल्काला सांगायचं होतं, पण त्या वेळी ते शब्द खोटे वाटले असते. तो काठी घेऊन वळला. इतके दिवस हे माझ्यापासून लपवून ठेवलंस, मला बाहुल्यासारखं खेळवलंस, असं तो तिच्याकडे न बघता म्हणाला आणि अंगणातून घराकडे निघाला. दाराशी त्याचा डावा खांदा नेहमीसारखा चौकटीला लागला. या वेळी त्याने शिवी दिली नाही. तिथेच उभा राहून उजव्या हाताने चौकट चाचपली, वरपासून खालपर्यंत, आणि मग अंग तिरकं करून आत गेला.

हिल्का बराच वेळ शेडमध्ये पिंपावर बसून राहिली. आत जावं असं वाटत होतं आणि जाऊ नये असंही वाटत होतं. एवढ्या वर्षांच्या संसारात तिने त्याला बरंच काही न सांगता निभावून नेलं होतं आणि त्यालाच शहाणपण म्हटलं होतं. आज पहिल्यांदा तिला वाटलं की तिने त्याच्याकडून काहीतरी काढून घेतलं होतं. आजाराने काढून घेतलं ते वेगळंच.

शेवटी ती उठली, कारण काम अर्धवट होतं. सकाळी तिपाईवर बसायच्या आधी त्याने एकदा सांगितलेलं तिला आठवत होतं: दांडे फिरवल्यावर गाडी थोडी पुढेमागे ढकलायची, म्हणजे चाकं आपल्या जागी बसतात, आणि मग नव्याने मोजायचं. तिने गाडी ढकलली, दोऱ्या नव्याने ताणल्या, मोजलं. मापं बदलली होती. पुन्हा खाली आडवी झाली, पुन्हा चेकनट सोडले. एकदा तर दांडा उलट्या बाजूला फिरवला आणि सगळं आणखी बिघडलं. दुपार कलली तरी ती गाडीखालीच होती. डगल्याला ग्रीस लागलं होतं आणि पाठीला फरशीचा गारवा चढला होता.

काठीचा आवाज तिने ओळखला. ताइस्तोचे बूट उजव्या चाकाजवळ येऊन थांबले.

"किती राहिलंय?" तो म्हणाला.

"उजवीकडे जमत नाहीये. पट्टी हलते, दोन हात कमी पडतात."

तो काठीच्या आधाराने हळूहळू खाली बसला. ते त्याला सोपं नव्हतं. जमिनीवर बसल्यावर त्याने उजवा हात पुढे केला आणि पट्टीचं टोक रिमच्या कडेला अंगठ्याने घट्ट दाबून धरलं.

"वाच," तो म्हणाला.

तिने आकडा वाचला. तो मागच्या कडेला सरकला आणि त्याने पट्टी पुन्हा धरली. तिने वाचलं. पाव फेरा, तो म्हणाला, तुझ्याकडे. तिने पाव फेरा दिला. उजव्या चाकाचं काम असं झालं. मग तो उठून डाव्या चाकाकडे गेला, वाटेत बॉनेटवर हात ठेवत, कुठे आहोत हे हाताने विचारत. तिथेही त्याने पट्टी धरली. तो पट्टीकडे बघत नव्हता, डोळे मिटून बसला होता.

चेकनट आवळून झाल्यावर हिल्काने दोऱ्या काढल्या आणि गुंडाळल्या. ताइस्तो गाडीला वळसा घालून चालकाशेजारच्या, उजव्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"चल," तो म्हणाला. "बघूया सरळ जाते का."

तिने डावीकडे, स्टिअरिंगमागे बसून इंजिन चालू केलं आणि गाडी मागे घेत अंगणात आणली, मग रस्त्यावर. शाळेची पोरं केव्हाच घरी गेली होती. तळ्याकाठचा रस्ता रिकामा होता आणि खड्ड्यांत नवी खडी पडली होती. पुलाच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर तिने स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ गेली. स्टिअरिंगची दांडी मात्र किंचित उजवीकडे झुकलेली राहिली होती.

"ओढत नाही," ताइस्तो म्हणाला. टायरचा आवाज तो ऐकत होता. "घासतही नाही. दांडी सरळ आहे?"

"जराशी वाकडी आहे," ती म्हणाली. दिवसभरात पहिल्यांदाच तिने मनात विचार न करता उत्तर दिलं होतं.

"किती?"

"घड्याळाचा काटा बारावरून एकाकडे निघालाय एवढी."

"उद्या काढू," तो म्हणाला. मग समोर बघत म्हणाला, "जूनमध्ये त्या डॉक्टरला मीच सांगेन. तू बोलू नकोस. मला ते परवान्याचं काही नको."

"बरं."

"त्याला फार बरं वाटेल. मी गाडी सोडली की गावाला एक खड्डा कमी."

ती हसली नाही आणि त्यालाही तशी अपेक्षा नव्हती. गाडी पुलावरून गेली. पाण्यावर हंसांची जोडी होती, ती उजवीकडे होती, म्हणून त्यानेही पाहिली. पुढे सूचिपर्णी झाडांची सावली लागली तेव्हा तो म्हणाला, "हिल्का."

"काय?"

"आवाज येतो तुझा. पण इथे बसल्यावर तू कुठे असतेस तेच मला समजत नाही. हिवाळाभर दवाखान्यात जाताना मला वाटायचं, गाडीत मी एकटाच आहे आणि तू कुठूनतरी बोलतेस."

हिल्काने वेग कमी केला. काय करायचं ते थेरपिस्ट बाईंनी तिला सांगितलं होतं आणि तिने ते त्याला कधीच सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. आपोआप दिसणार नाही, मान फिरवावी लागेल. वाटतं त्याहून जास्त, बस झालं असं वाटलं की आणखी थोडी.

ताइस्तोने मान फिरवायला सुरुवात केली. समोरची काच, आरसा, मग तो थांबला. तिथे त्याचं जग संपत होतं. त्याने उजव्या हाताने सीटची कड धरली आणि मान आणखी वळवली, जड दरवाजा ढकलावा तशी. हिल्का रस्त्यावरची नजर हलवू शकत नव्हती, पण त्याचा श्वास तिला आपल्या बाजूला आलेला ऐकू आला.

"हे काय लागलंय तुला?" तो म्हणाला.

तिच्या उजव्या भुवईवर टाक्यांची खूण होती, कानशिलापर्यंत गेलेली.

"लाकडं आणताना अंगणात घसरले. तू घरी आलास त्याच आठवड्यात."

"आणि रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस."

"हो."

त्याने हात पुढे केला. आधी तो आरशाला लागला, मग तिच्या खांद्याला, आणि तिथून चाचपत वर गेला. खूण कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते त्याने बोटाने पाहिलं. हिल्का दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गाडी चालवत राहिली. घराचं वळण आलं तेव्हा तिने इंडिकेटर लावला नाही, गाडी तशीच सरळ पुढे नेली आणि त्यानेही काही विचारलं नाही.